पासवरचा चेहरा

सगळ्यात आधी डावा कान उमटला.

कमलाकांतनं माउसवरचा हात उचलला आणि हाक मारली. "बाई, इकडे या. हा कान नीट बघा."

मंगळी बाकावरून उठली, पण पुढं यायला तिचे पाय धजेनात. चार महिने ती ज्याची वाट बघत होती ते आता हातभर अंतरावर होतं. कारखान्यांच्या इस्टेटीत स्फोट झाला त्या दिवसापासून तिचा नवरा जिवल्या घरी आला नव्हता. स्फोटात तीन माणसं जळाली. दोघांना घरच्यांनी ओळखलं. तिसऱ्यात ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा पोलिसांनी त्याला बेवारस म्हणून अग्नी दिला. त्याच्या अंगाखाली दबलेला गेटपास तेवढा वाचला, आणि त्याच्यावरची शाईही केमिकलनं पार धुऊन नेली होती. फोटोच्या जागी नुसता तपकिरी डाग. कंत्राटदार हजेरीबुकासकट पसार झाला. असली माणसं पळताना काहीही विसरत नाहीत.

जिवल्या तर रोज नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम धरायचा. त्या दिवशी तो कुठं गेला हे कुणीच सांगेना. धाकटा भाऊ चिंधू त्याच्याच बरोबर सरावलीच्या खोलीत राहायचा. तोही एवढंच म्हणायचा की दादा सकाळी कुणाच्या तरी ट्रकात बसून गेला. मग तिसरा कोण? जिवल्या, की दुसरीच कुणी अभागी बाई अशीच वाट बघत बसली होती? मंगळी गावाहून, मासवणहून, दर आठवड्याला येऊन पोलीस ठाण्याचा उंबरा झिजवत होती, आणि चिंधू मुकाट तिच्यामागं फिरत होता.

शेवटी हवालदार कंटाळून तो पास बोईसर स्टेशनजवळच्या कमलाकांतच्या दुकानात घेऊन आला. कमलाकांत मूळचा एडवणचा. बापाची केळीची बाग सोडून लग्नपत्रिका छापायला इथं आला आणि अठ्ठ्याण्णव साली त्यानं स्कॅनर घेतला. तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. पास स्कॅन करून झाल्यावर हवालदार अस्सल कागद परत घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तुझं मशीन बोलतंय का बघ."

मशीन बोलेना. कमलाकांतनं उजेड वाढवला, डाग आणखी काळा झाला. मग त्यानं चित्राचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन पदर वेगळे केले. निळ्या पदरात डागच डाग होता. लाल पदरात मात्र, गढूळ पाणी निवळावं तसं, काहीतरी तळाशी दिसायला लागलं. तोच हा कान.

"जिवल्याच्या कानाचं काय सांगत होतात तुम्ही?" त्यानं विचारलं.

"डावा कान टोचलेला हाय. आदीची पोरं जगली नवती, म्हनून सासूनं नवस केलता. बाळी व्हती, मंग मोडून खाल्ली. पन भोक हाय, मोटा."

कमलाकांतनं कान पडद्याएवढा मोठा केला. पाळी गुळगुळीत होती.

"बाई, हा तुमचा जिवल्या नाही."

मंगळीनं पडद्याला बोट लावलं, तिथं खरंच भोक नाही ना हे चाचपून पाहिल्यासारखं. मग ती हसली. चार महिन्यांत बहुतेक पहिल्यांदाच. "मंग तो जिता हाय," ती म्हणाली. "कुटं तरी हाय." कमलाकांतचाही ऊर भरून आला. दुसऱ्या कुणाचं तरी कुंकू या कानाबरोबर गेलं होतं हे त्याला कळत होतं, पण समोरच्या बाईचं हसू बघून माणूस तेवढ्यापुरता स्वार्थी होतो. त्यानं शेजारच्या टपरीला तीन चहा सांगितले.

चिंधू सकाळपासून दाराबाहेर, दुकानाकडे पाठ करून उभा होता. त्यानं आत न येताच म्हटलं, "झालं ना वयनी. चल आता. येष्टी जाईल."

"थांब रे," कमलाकांत म्हणाला. "अर्धवट काम मी कुणाला देत नाही. ज्याचा पास त्याच्या घरच्यांना नको का कळायला?"

"र्‍हाऊ द्या ना शेट."

कमलाकांतनं राहू दिलं नाही. अंगातली खुमखुमी, दुसरं काय. एकेक ओरखडा पुसत तो गालावरून हनुवटीवर आला, हनुवटीवरून नाकावर. शेवटी डोळे उमटले. चहा आला तेव्हा पडद्यावरून एक पोरगेला माणूस कॅमेऱ्याला बिचकून बघत होता. मंगळी कौतुकानं वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"चिंधू," ती म्हणाली, "हा तर तू हायस."

कमलाकांतला वाटलं मशीननं काहीतरी घोळ घातला. त्यानं मान वळवली. दारातला माणूस आता तोंड फिरवून आत बघत होता. तेच नाक, तेच बिचकलेले डोळे. मंगळीला अजून उमगलं नव्हतं, आणि ते उमगू नये असं कमलाकांतला फार वाटलं.

"तू तं जिता हायस," ती म्हणाली. "मंग तुजा पास तिकडं कसा गेला?"

चिंधू उंबऱ्यावरच खाली बसला.

"मला हिव भरलेला, वयनी. खाडा पडंल म्हनून माज्या पासवर दादा गेला."