चार मिनिटांचा रस्ता

नांदेडच्या विमानतळावर लेकीला आणि नातीला सोडून कौसल्याबाई रिक्षात बसतात न बसतात तोच फोन वाजला.

"आई, उतरलो गं रत्नागिरीला."

नवी विमानं आल्यापासून चार मिनिटांचा तर रस्ता.

घरी येऊन त्यांनी केरसुणी हातात घेतली. माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही, ही त्यांच्या सासूबाईंची शिस्त. पूर्वी लेक, वेदा, बसने जायची, तेव्हा सांडलेला चिवडा, नातीच्या पेन्सिलीची सालं दुसऱ्या दिवसापर्यंत जागच्या जागी असायची. घर सावकाश रिकामं व्हायचं. आता पोरगी पोचलीसुद्धा होती, म्हणजे केर काढायला हरकत नव्हती. त्यांनी केरसुणी टेकवली, पण हात काही हलेना.

तेवढ्यात वेदाचा पुन्हा फोन आला. "काय करतेस गं?"

"काही नाही. केर काढायला घेतलाय."

 वेदा म्हणाली, "एवढ्यात? अगं, मी अजून लातूरलाच आहे. बस थांबलीय चहाला."

तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली. नात पानं मांडायला भांडी आपटत होती. कौसल्याबाईंनी ते सगळं नीट ऐकलं आणि केरसुणी दारामागे आडवी ठेवून दिली.

"बरं," त्या म्हणाल्या, "पुढे आंबा घाटात खिडकी लावून घे. पोरीला वारा लागतो."