आजीचं लुगडं

"हलू नकोस गं निकोल! कासोटा सुटतोय."

शाळेच्या हॉलमध्ये, स्टेजच्या पडद्याआड, एमिलिया गुडघ्यांवर बसून लेकीचं लुगडं खोचत होती. लाल चौकड्यांचं. एमिलियाच्या वारलेल्या आईचं हे एकच उरलं होतं. परवा तिनं ते कापलं, आठ वर्षांच्या पोरीला बसावं म्हणून. कात्री चालवताना ढसाढसा रडली, पण चालवली.

पडद्यापलीकडे 'माझी संस्कृती' चालू होतं. प्रत्येक मुलानं आपल्या घरचा पोशाख घालून यायचं आणि दोन शब्द बोलायचे.

"काय बोलणार? परत सांग."

"आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे मराठी ख्रिश्चन, दहिसरच्या कांदरपाड्याचे. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही वाजतगाजत उंबराचं पाणी आणतो." निकोलनं धडाधड म्हणून टाकलं. मग हळूच म्हणाली, "मम्मा, तो अनय हसला मला. बोलला, तू ख्रिश्चन ना, मग हे कशाला घातलंस? हे आमचं आहे."

"हसू दे मेल्याला. आपण चर्चला पण जातो आणि लुगडं पण नेसतो. तुझी आजी ह्याच लुगड्यात दर रविवारी चर्चमध्ये मिसाला जायची. एकदा सांग सगळ्यांना, बस."

तेवढ्यात गंधाली मिस आल्या. "अय्या, निकोल! अगं, महाराष्ट्राची मुलं झाली की मघाशीच. तू ख्रिश्चनमध्ये आहेस ना?"

बाई वाईट नव्हत्या हो. उलट भारी हौशी. त्यांनी तिथल्या सामानाच्या खोक्यात हात घातला, सांताक्लॉजची टोपी काढली आणि निकोलच्या अंबाड्यावर चढवली. अबोलीचा गजरा टोपीखाली चेपला.

"मिस, नको ना," एमिलिया गुडघ्यांवरूनच म्हणाली. "हेच आमचं आहे. माझ्या आईचं आहे हो. तिला असंच जाऊ द्या, पाया पडते तुमच्या."

"अहो, पण बघणाऱ्यांना कळायला नको का?" मिस हसल्या. "जा बेटा, तुझा नंबर."

निकोल स्टेजवर गेली. खाली लुगडं, वर टोपी. हॉलमध्ये हशा पिकला. कौतुकाचाच होता, पण तेवढ्याशा पोरीला तो फरक कुठला कळायला? पडद्याआडून एमिलिया जिवाच्या आकांतानं ओठ हलवत होती. आम्ही ईस्ट इंडियन. बोल गं माझे बाय, बोल.

निकोलनं एकदा आईकडे पाहिलं. मग माइककडे वळली.

"माय नेम इज निकोल. मी ख्रिश्चन आहे." तिनं निऱ्या मुठीत आवळल्या. "सॉरी हां. हे लुगडं आमचं नाहीये. मम्मानं चुकून नेसवलं."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यांदा गंधाली मिसनी वाजवल्या.

पडद्याआड एमिलियाचे ओठ अजून हलत होते. उंबराच्या पाण्यापर्यंत आले होते.