आठवी गोळी

"फळीवर गोळी ठेवा न मंग उतरा," नावाडी दुधराम म्हणाला.

पहिल्या टापूवर तिघे उतरले. उतरताना प्रत्येकाने चढताना मिळालेली मातीची गोळी डोंग्याच्या पुढच्या फळीवर ठेवली. जाळ्याला वजन म्हणून बांधतात तसली, भाजून काळी झालेली, बोराएवढी. परतताना ज्याने त्याने आपली उचलायची. फळी रिकामी झाली की डोंगा निघतो.

"अरे भैया, तीनच तर आहोत. गिन लो ना!" गोंदियाचा विक्की हसला.

"पाण्यावर माणसं मोजत नाही जी. मोजलं का पाणी आपला हिस्सा मागते."

"मागच्या साली न मोजताच घेतला म्हणे."

बायकोने विक्कीला कोपर मारलं. तिसरी प्रवासी होती दामिनी. परतताना तिने गोळी उचलून पर्समध्ये टाकली.

मागच्या वर्षी याच डोंग्यातून आठ जण आले होते. त्यांत दामिनी होती आणि तिचा नवरा वीरेंद्र. तिसऱ्या टापूवर तो पिऊन खडकामागे झोपला. वादळ आलं, सगळे धावत डोंग्यात शिरले. ताडपत्रीखाली कोण कुठे बसलं ते कोणालाच कळलं नाही. फळी रिकामी होती म्हणून डोंगा हाणला, असं दुधराम सांगे. किनाऱ्यावर सात गोळ्या परत आल्या. वीरेंद्र दुसऱ्या दिवशी तरंगताना सापडला.

आठवी गोळी त्याच्या खिशात नव्हती. टापूवरही नव्हती. ती फळीवरच होती आणि दुधरामने नंतर पाण्यात फेकली, असं पोलिसांचं म्हणणं. सातही गोळ्या ठाण्यात जमा झाल्या. दुधराम जामिनावर सुटला होता. सोमवारी कोर्टात दामिनीची साक्ष होती.

दुसऱ्या टापूवर विक्की आणि त्याची बायको फोटो काढायला गेले. दामिनी डोंग्याजवळच थांबली.

"बाई, तुमी तवा पुढंच बसल्या होत्या. फळी पाहली असन न?"

"पाऊस होता."

"मी खोटा नाही जी. मले जेल झाली त घरी दोन पोरी हायेत."

दामिनी डावं मनगट चोळत राहिली. तिथलं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलं होतं.

"पडल्या होत्या काय?"

"जुनं आहे."

ती पाण्याकडे वळली. दुधरामने फळीवरची एक गोळी उचलून बोटांत फिरवली. गुळगुळीत. पोलिसांकडे जमा झालेल्या जुन्या गोळ्या त्याच्या बापाने केलेल्या होत्या. ओली गोळी वळून झाली की बाप तिच्यावर अंगठा दाबायचा. या नव्या वळताना दुधरामचं तेवढं मन झालं नव्हतं. इतरांना त्यात फरक दिसला नसता. त्याने गोळी परत ठेवली.

तिसऱ्या टापूवर दामिनी खडकापाशी एकटीच गेली आणि लगेच परतली. फळी रिकामी झाली. डोंगा निघाला.

भर पाण्यात तिने पर्स उघडली, हात काठाबाहेर नेला आणि मूठ सोडली. वर्षश्राद्धाची फुलं असतील, असं समजून दुधरामने नजर फिरवली.

किनाऱ्यावर विक्की आणि त्याच्या बायकोने गोळ्या दिल्या आणि ते गाडीकडे गेले. दामिनी मागे राहिली.

"सोमवारी मी जे पाहिलं ते सांगणार आहे."

"काय पाहलं जी?"

"फळीवर एक गोळी राहिली होती."

दुधरामच्या हातातून डोंगा हाणायचा बांबू सुटला. "काऊन असं बोलता बाई? फळी रिकामी होती! पोरींची शपथ!"

"देवरीची बस निघेल," ती म्हणाली.

पर्समधली गोळी तिने त्याच्या तळहातावर ठेवली आणि रस्त्याला लागली. ती दूर जाईपर्यंत तो तसाच उभा होता. मग सवयीने गोळी दोरीत ओवायला त्याने चिमटीत धरली.

त्याचा अंगठा बापाच्या अंगठ्याच्या खळग्यात बसला.