क्लाइडचं आडनाव

"बाबा, आता ऐका," प्रीता म्हणाली आणि तिने एंटर दाबलं.

कॉम्प्युटरने आपल्या सपाट आवाजात ग्रुपचं नाव उच्चारलं. शैलेन देवधर खुर्चीत पुढे सरकले. ट्रॉय गावातल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये हे नाव जवळजवळ महिनाभर ऐकू आलं नव्हतं.

इंटरनेट कंपनीने न्यूजग्रुप, म्हणजे इंटरनेटवरचे जुन्या धर्तीचे गप्पांचे गट, बंद करून टाकले होते. फार थोडे लोक वापरतात, एप्रिलपासून सेवा बंद, अशी मेल आली होती. देवधरांनी फोन केला तर पलीकडच्या मुलीला न्यूजग्रुप म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. "पण सर, तुमचं इंटरनेट चालू आहे ना?" एवढंच ती विचारत राहिली. मुलगा देव सिएटलहून म्हणाला, "फेसबुकवर असे खूप ग्रुप आहेत, बाबा." त्याने एक जोडूनही दिला. पण काचबिंदूने देवधरांचे दोन्ही डोळे गेले होते, आणि स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज फेसबुकवर नुसता अडखळायचा. बटण, चित्र, जाहिरात, परत बटण. न्यूजग्रुपवर निव्वळ मजकूर असायचा. उतारवयात नजर गेलेली माणसं तिथे लिहायची आणि आवाज ते सगळं एका दमात वाचून दाखवायचा.

प्रीता अकाउंटंट. टॅक्स सीझन संपेपर्यंत तिला मान वर करायला फुरसत नव्हती. आज दुपारी ती अ‍ॅन आर्बरहून ड्राइव्ह करून आली, बापाशेजारी बसली आणि शोधून शोधून तिने परदेशातला कुठलातरी फुकट सर्व्हर जोडून दिला; सर्व्हर कुठलाही असला तरी ग्रुप आणि त्यावरचे मेसेज तेच असतात.

"अगं, लागलं!" चहा घेऊन जिना उतरणाऱ्या बायकोला, नंदाला, देवधरांनी ओरडून सांगितलं.

आवाज एकेक मेसेज वाचू लागला. बरीचशी औषधांची जाहिरातबाजी. ओहायोची डोरिस म्हणत होती, मी इथे पोचले, आणखी कोण आहे? ग्रुपमधल्या आणखी दोघांनी सगळ्यांचा निरोप घेतला होता. मग क्लाइडचं नाव आलं. देवधरांनी 'थांब' म्हणून हात वर केला आणि मान एका बाजूला कलती करून ऐकू लागले.

"शैलेन, आहेस का? दोन दिवस तुझं काहीच नाही. माझी कंपनीसुद्धा आज रात्री हे बंद करते आहे. दुसरीकडे कसं जायचं ते मला जमत नाही. तू कुठे आहेस ते सांग, मी तिथे येतो."

तारीख एप्रिलच्या सुरुवातीची होती. त्यानंतर क्लाइडचं काही नव्हतं. प्रीताने खालपर्यंत जाऊन पाहिलं, परत वर आली.

"त्यांना मेल करू या ना. इथे अ‍ॅड्रेस दिसतोय."

"तो खोटा आहे. सगळेच खोटा टाकतात, नाहीतर कचरा मेल येत राहते."

"Okay, मग फुल नेम सांगा. मी गूगल करते, लगेच मिळतील."

देवधर टेबलाची कड चाचपत राहिले.

"बाबा?"

"क्लाइड."

"क्लाइड काय?"

क्लाइड वायोमिंगमध्ये राहत होता, गावापासून लांब, एकटा. वारा सुटला की त्याच्या खिडक्या वाजायच्या. बायको गेल्यावर तो पलंगाच्या तिच्या बाजूला झोपायला लागला होता, तिकडून बाथरूम जवळ पडतं म्हणून. निदान कारण तरी त्याने तेच सांगितलं होतं. त्याची कुत्री इतकी म्हातारी झाली होती की ती त्याला धडकते की तो तिला, हे दोघांनाही कळायचं नाही. देवधरांची नजर पुरती गेली त्या हिवाळ्यात त्यांनी नंदाशीसुद्धा बोलणं टाकलं होतं. तेव्हा हा माणूस रोज सकाळी लिहायचा, उठलास का? दाढी केलीस का? बाहेर जाऊन हवा कशी आहे ते बघून ये आणि मला सांग.

"इतकी वर्षं रोज बोलता," प्रीता म्हणाली, "and you never asked?"

"विचारायची वेळच आली नाही गं. तो रोज असायचा."

नंदाने कप टेबलावर ठेवला आणि देवधरांचा हात धरून कपाच्या कानाला लावून दिला.

"त्यांची मुलं शोधत असतील तुम्हाला, maybe," प्रीता हळूच म्हणाली.

"मुलं नाहीत त्याला."

मग देवधरांनी कीबोर्ड जवळ ओढला. बोटांना अक्षरं पाठ होती. 'क्लाइड, मी इथे आहे,' त्यांनी लिहिलं. पुढे सर्व्हरचं नाव, मग तिथे कसं यायचं ते, अगदी सोप्या शब्दांत. मध्ये अडलं की ते प्रीताला विचारत होते.

"पण बाबा," ती बोलून गेली, "ते इथे आल्याशिवाय त्यांना हे दिसणार..."

"कळतंय मला," देवधर म्हणाले.

चहा निवत होता. देवधरांनी खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. घराचा नंबर, रस्ता, गाव. मग फोन नंबर. आवाजाने एकेक आकडा परत म्हणून दाखवला.

नंदा पुढे झाली. "अहो, नंबर नका टाकू असा. जगभर दिसतो तो. कुठलेही भामटे फोन करत बसतील."

"करू देत," देवधर म्हणाले. "मी सगळे उचलेन."