मधली जागा

संगीतमहोत्सवाची तीन दिवसांची धमाल संपली होती. सकाळच्या उन्हात मी आणि वहिनी बेसूर गात आमचा तंबू उतरवत होतो.

“वहिनी, पहाटे अंगावर पांघरूण घातलंस, फार बरं वाटलं गं.”

“मी? अगं, मला वाटलं तूच मला घातलंस!”

दोघी खो खो हसलो आणि तंबूचं कापड उचललं. खालच्या गवतात झोपल्याच्या खुणा उमटल्या होत्या. डावीकडे लांबलचक वहिनी, उजवीकडे बुटकी मी. आणि मधे आणखी एक.

“तरीच मला कूस बदलायला जागा मिळत नव्हती,” वहिनी हसत म्हणाली.

तेवढ्यात मधलं गवत उठू लागलं. आधी डोक्याकडचं, मग कंबरेपर्यंतचं, कुणी आळस देत उठून बसावं तसं.