कोपराखालचं हाड

एर्मेसेंदाने रेशमी फडक्यातलं हाड उचललं, तसे मठाधिपती गॉसबेर पुढे सरकले.

गेल्या साली हिनेच घात केला होता. संताची बरगडी म्हणून आणलेलं हाड तिने गावासमोर डुकराचं ठरवलं. तेव्हापासून यात्रेकरू इकडे फिरकले नव्हते. मठाचं छप्पर गळत होतं आणि आत एकवीस तोंडं खाणारी होती. पण तुटलेली हाडं बसवण्यात या पहाडात हिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती हो म्हणेल तरच गाव मानणार होतं.

समोर रेनो बसला होता, गावोगाव पवित्र अस्थी विकणारा.

"हुतात्म्याचा उजवा हात," तो म्हणाला. "हजार वर्षं रोमच्या भुयारात होता."

एर्मेसेंदाचं बोट हाडावरून सरकलं आणि मध्येच एका गाठीवर थांबलं. ती खिडकीशी गेली. हाड उजेडात फिरवून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

झालं! पुन्हा डुक्कर, गॉसबेरांना वाटलं.

"बोल गं बाई. माणसाचंच आहे ना?"

"माणसाचंच."

ती गुडघ्यांवर बसली. हाडाला कपाळ टेकवून बराच वेळ तशीच राहिली. तिचे खांदे हलत होते. एवढी भक्ती! गॉसबेरांनाही भरून आलं.

मग तिने डोळे पुसले आणि रेनोकडे वळली.

"एवढा थोर संत आणि नुसता हातच? बाकीचा देह रोमलाच राहिला का हो, दादा?"

"हवा असेल तर आणतो की!" रेनो खुलला.

"इतक्या लांबून? तोवर मी मरायची."

"अहो मावशी, रोम कशाला? वरच्या खिंडीत पडका गोठा आहे ना, त्याच्यामागं पुरून ठेवलाय. वाटेत चोरांचं भय! बर्फ वितळलं की आठ दिवसांत सगळा हजर करतो."

एर्मेसेंदा उठली. दाराला पाठ लावून उभी राहिली.

"फादर, माणसं बोलवा. याला जाऊ देऊ नका."

"अगं, पण का?"

"हे हाड मीच बसवलं होतं. जरा वाकडंच बसलं. सात वर्षं झाली, माझा नवरा त्याच खिंडीतून परत यायचा राहिलाय."