फुटलं तर दुसरं

"चेंडू नाही हा, अंडं आहे असं समजा," सर म्हणाले. "अंडं झेलायचं तर कसं झेलाल? हात पुढे, बोटं सैल. आणि हातात आलं की पोटाशी घ्यायचं, हळूच."

"आणि फुटलं तर, सर?" लंबूने विचारलं. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, आणि झेलण्यात सगळ्यात कच्चा.

"फुटलं तर दुसरं. कोंबडी कुठे पळून चाललीय?"

पोरं खिदळली. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या गोलावर सगळी उभी होती, सर मधोमध. ज्याला हाक मारतील त्याच्याकडे चेंडू जायचा. लंबूच्या हातून तो सुटला, तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "फुटलं तर दुसरं!" सरांनी पुन्हा टाकला, मुद्दाम हलका. लंबूने तो छातीशी कवटाळला तेव्हा त्याच्याहून सरच जास्त खूश झाले.

पण त्यांचं अर्धं लक्ष पलीकडच्या टोकाला होतं. तिथे त्यांची मुलगी उभी होती. शाळेत 'सर' म्हणायचं, 'बाबा' फक्त घरी, हा नियम त्यांनीच घातला होता आणि ती तो कधी विसरली नव्हती. झेल मात्र तिला जमत नव्हता. रोज संध्याकाळी ते तिला गच्चीवर नेत आणि दिसेनासं होईपर्यंत चेंडू टाकत राहत. चेंडू जवळ आला की तिचे डोळे मिटत. काल शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या बाई सहज बोलून गेल्या होत्या, "सगळ्या शाळेला झेलायला शिकवता, आणि घरचं पोर चेंडू बघून पळतं हो!" सगळे हसले होते. सरही हसले होते.

आज तिने एक झेल घ्यावा. एकच. सगळ्यांसमोर.

त्यांनी तिची पाळी शेवटपर्यंत टाळली. मग टाळता येईना.

"आता बघा, सरांची मुलगी!" कुणीतरी म्हणालं. सरांनी चेंडू पँटला पुसला. तिने हात पुढे केले, बोटं सैल सोडली, सगळं शिकवलं होतं अगदी तसं. डोळे उघडे ठेव, ते मनात म्हणाले. देवा, डोळे तेवढे उघडे राहू देत.

त्यांनी टाकला, लंबूला टाकला होता त्याहून हलका. तिचे डोळे तरीही मिटले. चेंडू बोटांना लागून खाली पडला आणि गडगडत कुंपणापर्यंत गेला.

या वेळी कुणी ओरडलं नाही. सगळी सरांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी लंबूच हळू आवाजात म्हणाला, "फुटलं तर दुसरं ना, सर?"

"हो, हो. दुसरं," सर म्हणाले. तेवढ्यात घंटा झाली.

पोरं नळाकडे पळाली. ती कुंपणाजवळून चेंडू घेऊन आली आणि दोन्ही हातांनी तो सरांना दिला. आजूबाजूला कुणी नाही असं तिने बघून घेतलं.

"सर, घरी बाबांना सांगू नका ना."

सरांना आधी हसूच आलं. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. ती थट्टा करत नव्हती.

"नाही सांगणार," ते म्हणाले. आणि विचारू नये ते विचारून बसले, "फार रागावतात का?"

"रागावत नाहीत."

"मग?"

तिने त्यांच्या हातातल्या चेंडूकडे पाहिलं.

"ते तुमच्यासारखा हलका नाही टाकत, सर."